अजीजाबाईंचं अकरावं प्रकरण

सोलापुरातल्या बऱ्याच लेखकांचा अजीजाबाईंवर राग आहे. त्यातल्या निम्म्यांचा राग खरं तर एका दुधाच्या पातेल्यावर असायला हवा, पण त्यांना ते माहीत नाही. मला माहीत आहे, कारण माझी स्वतःची पहिली कथा चौथ्या पानावर आडवी झाली ती अशाच एका पातेल्यापायी.

अजीजा रंगरेज म्हणजे चार कादंबऱ्यांच्या लेखिका आणि ‘धोटा’ या दिवाळी अंकाच्या संपादक. मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. अंकाला हे नाव रुद्रप्पाअण्णांनी दिलं. अण्णांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, दुकानांची बिलं, निवडणुकीची पत्रकं असलं सगळं छापून जी हौस उरायची, तीत ते वर्षातून एकदा अंक काढायचे. अजीजाबाई दिवसा शाळेत मराठी शिकवायच्या आणि संध्याकाळी अण्णांकडे प्रुफं तपासायच्या. अण्णांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी कुणालाही न विचारता संपादक म्हणून बाईंचं नाव छापून टाकलं. गावात थोडी कुजबुज झाली. दिवाळी अंकावर हे नाव कसं दिसेल, असं एका जाहिरातदारानं येऊन विचारलं.

“अंक दिवाळीत निघतो म्हून काय झालं?” अण्णा म्हणाले. “वाचायला बाराही महिने चालतो की. आन् चुका काढाय हिच्यासारखं कोन हाय का तुमच्यात? असलं तर घेऊन या, त्याचं बी नाव छापतो.”

जाहिरात आली. पुढच्या वर्षी दुप्पट जागेची आली.

तेव्हापासून पार लातूर-विजापूरपर्यंतच्या लेखकांची हस्तलिखितं बाईंकडे येतात आणि त्यातली बरीच परत जातात. परत जाताना त्यांच्यावर कुठंतरी पेन्सिलीची एक बारकी फुली असते आणि खाली एकच ओळ: इथून पुढे परत लिहा. का, कसं, काय चुकलं, काही नाही. माझी कथा अशीच परत आली. मी तेव्हा नुकतीच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले होते आणि मनातून स्वतःला लेखिका समजत होते. त्या फुलीपायी आठवडाभर मी घरात सगळ्यांवर डाफरत होते. मग निमूटपणे परत लिहिली. बाईंनी ती छापली आणि मला अंकाच्या कामाला धरलं, ते आजतागायत सोडलेलं नाही.

फुली कशी पडते ते मला पुढे कधीतरी कळलं. आम्ही दोघी जुळे सोलापूर या नव्या वस्तीत एकाच सोसायटीत राहतो, त्या वरच्या मजल्यावर आणि मी खाली. बाईंचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून दर रविवारी त्यांना स्कूटीवरून भवानी पेठेत नेणं हे माझं काम झालं. तिथं त्यांच्या थोरल्या बहिणीचं, रेश्माआपांचं घर आहे. पुढच्या बाजूला आपांचा मुलगा एजाज याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आणि मागं स्वयंपाकघर. खिचडी-खट्टा खाऊन झाला की आपा शेगडीपाशी काहीतरी करत बसायच्या आणि बाई पिशवीतून हस्तलिखितं काढून एकेक मोठ्यानं वाचायला लागायच्या. आपा उर्दू शाळेत शिकलेल्या. मराठी अक्षरं त्यांना बसच्या पाटीपुरतीच येतात. पण पेठेत जन्म गेलेला, त्यामुळे मराठी कानात मुरलेली, शेजारणींची तेलुगू आणि कानडीही बरीचशी. आपा ऐकत राहिल्या तर कथा तरली. आपा उठल्या की तिथं फुली.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा एका नावाजलेल्या गृहस्थांची कथा चालू होती. ऐन रंगात आपा “दूध, दूध” करत उठल्या. बाईंनी शांतपणे फुली मारली.

“बाई, दूध उतू चाललं होतं!” मी म्हणाले.

“मग?”

“मग त्यात कथेचा काय दोष?”

“कथा चांगली असती तर दूध उतू गेलं असतं,” बाई म्हणाल्या आणि पुढचा कागद काढला.

हा अन्याय आहे असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. बाईंनी स्वतःला यातून कधी वगळलं नाही. त्यांची पहिली कादंबरी ‘निळी मोरी’ त्यांच्या वडिलांच्या रंगकामावर आहे. रहिमतुल्लाचाचा सूत रंगवायचे. घरापुढची मोरी कधी निळी, कधी लाल वाहायची आणि चाचांचे हात कोपरापर्यंत कायम कुठल्या ना कुठल्या रंगाचे असायचे. या कादंबरीतलं चाचांच्या शेवटच्या आजारपणाचं प्रकरण बाईंना फार आवडलं होतं. आपा त्यात दोनदा उठल्या. बाईंनी ते सगळं प्रकरण फाडून नव्यानं लिहिलं, आणि आज लोक त्या कादंबरीचं नाव काढतात ते त्याच प्रकरणासाठी.

बाईंनी लग्न केलं नाही. का, ते मी एकदा धीर करून विचारलं होतं. “प्रुफं होती,” म्हणाल्या. म्हणजे घर म्हणावं असं त्यांना एकच होतं, आणि ते भवानी पेठेतलं स्वयंपाकघर होतं. एवढं लक्षात घेतलं म्हणजे पुढं जे झालं त्यात त्यांच्यासाठी काय पणाला लागलं होतं ते कळेल.

चौथी कादंबरी त्या तीन वर्षं लिहीत होत्या. आणि ती आपांना वाचून दाखवत नव्हत्या.

सुरुवातीला माझ्या ध्यानात आलं नाही. रविवारी दुसऱ्यांच्या कथा वाचल्या जायच्या, चहा व्हायचा, आम्ही परतायचो. आपा मधूनच विचारायच्या, “तेरी किताब का क्या हुआ गे?” बाई म्हणायच्या, “चालू है.” मग एक दिवस बाईंनी संपूर्ण कादंबरीची प्रुफं माझ्या हातात ठेवली. पुण्याच्या प्रकाशकांना दोन महिन्यांत परत पाठवायची होती, मुखपृष्ठही तयार होतं. नाव होतं ‘गुलबर्ग्याहून’. “घरी बसून वाच,” बाई म्हणाल्या. “भवानी पेठेत न्यायची नाही.”

वाचायला लागले आणि विसाव्या पानावर थबकले. झुलेखा नावाची रंगाऱ्याची मुलगी, गुलबर्ग्याला दिलेली, वर्ष व्हायच्या आत एकटीच पॅसेंजरनं परत येते. ही झुलेखा कोण, हे सांगायला मला कुणाची गरज नव्हती. पेठेतल्या जुन्या माणसांनाही ती लागली नसती.

आपांची ही हकिकत मला तुटक तुटक माहीत होती. अठराव्या वर्षी त्यांना गुलबर्ग्याला दिलं होतं. एका दुपारी त्या एक पत्र्याची ट्रंक घेऊन दारात उभ्या राहिल्या. बाई तेव्हा शाळकरी होत्या, त्यांनीच दार उघडलं. रहिमतुल्लाचाचा रंगाचे हात तसेच घेऊन बाहेर आले, मुलीकडं पाहिलं आणि घरात सगळ्यांना बजावलं, “घर की लडकी घरकू आयी. इसमें पूछने का कुछ नहीं.” नंतर ते एकदा गुलबर्ग्याला जाऊन तलाकचं उरकून आले. आपांना कुणी एक शब्द विचारला नाही. आईनं नाही, चाचांनी नाही, बहिणीनं नाही. काही वर्षांनी आसिफभाईंशी त्यांचा दुसरा निकाह झाला. आसिफभाई टेम्पो चालवायचे, चांगला माणूस. त्यांनीही विचारलं नाही. त्या घरात यालाच माया म्हणत. जखमेला हात लावायचा नाही, झाकून ठेवायची, आणि सगळ्यांनी अगदी मनापासून ते पाळलं.

कादंबरी चांगली होती. पहिली दहा प्रकरणं तर बाईंनी आजवर लिहिलेल्यातली सर्वांत चांगली होती. ट्रंकेत काय काय भरलं आणि काय राहिलं, गाडीत समोर बसलेल्या बाईनं दिलेली अर्धी भाकरी, हे वाचताना मी अर्थशास्त्राचे पेपर तपासायचे विसरले. अकराव्या प्रकरणात झुलेखा का परतली ते येतं. नवऱ्याचं हुमनाबादला आधीच एक बिऱ्हाड असतं, आणि झुलेखाला ते कळतं एका लहानग्या झबल्यावरून, जे कुणीतरी चुकून त्याच्या पिशवीत ठेवलेलं असतं. वाचलं, आणि मला वाटलं की हे मी कुठंतरी पाहिलंय. बहुतेक टीव्हीवर.

मी वर गेले. “बाई, आपांचं असंच झालं होतं?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे? विचारलं नाहीत?”

“आमच्या घरात ते विचारत नाहीत, सृष्टी.”

माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव तसा तापटच आहे, आणि त्या फुलीचं जुनं उट्टंही कुठंतरी असेल. मी म्हणाले, “विचारत नाहीत, पण छापतात? उद्या पेठेतली सगळी माणसं म्हणणार, रेश्माचं असं झालं होतं. आपांच्या तोंडावर म्हणणार. एजाजच्या दुकानात उभं राहून म्हणणार. आणि आपांनी काय करायचं? तुमच्या झबल्याला हो म्हणायचं?”

बाईंनी चष्मा काढला. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही त्या रडल्या नाहीत, पण आवाज वेगळा लागला.

“वाचून दाखवली आणि आपा नको म्हणाली तर? ती नको म्हणाली तर मी छापू शकणार नाही. मी आता सदुसष्टची आहे. याच्यानंतर माझ्यात अजून एक कादंबरी नाही. हे मला माहीत आहे, शरीराला कळतं ते.”

“आणि न दाखवता छापलीत तर?”

“तर आपा जाईल,” बाई म्हणाल्या. “घरातून घालवणार नाही ती मला. चहा देईल, जेवायला वाढेल. पण जाईल.”

मी खाली आले आणि प्रुफं कपाटात ठेवून दिली. पुढचे दोन रविवार बाई पेठेत गेल्याच नाहीत. गुडघे दुखताहेत असं त्यांनी कळवलं.

शेवटी निर्णय त्यांच्या हातात राहिला नाही. प्रकाशकांनी पुस्तकाची जाहिरात फेसबुकवर टाकली आणि ती एजाजच्या मुलीनं, अर्शीनं, पाहिली. अर्शी कॉलेजात आहे, बिचारी आनंदानं आजीकडे धावली. “दादी, छोटी दादी की नवी किताब! नाम सुनो, गुलबर्ग्याहून!” आपांनी तिला जाहिरातीतला मजकूर परत एकदा वाचायला लावला, एवढंच अर्शीनं मला नंतर सांगितलं. त्या संध्याकाळी आपांचा फोन बाईंना नाही, मला आला.

“बेटा, इतवारकू उसकू लेके आ. घुटने का बहाना बोली तो उठाके ला. और वो किताब बी ला.”

त्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा स्वयंपाक झालेला होता आणि शेगडी बंद होती. दूध, भाजी, काही चढवलेलं नव्हतं. आपा भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर. बाई दारातच उभ्या राहिल्या. दोघी म्हाताऱ्या बहिणी एकमेकींकडे अशा बघत होत्या की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“बैठ,” आपा म्हणाल्या. “पढ.”

“आपा, मैं…”

“पढ बोली ना.”

बाई वाचायला लागल्या. सुरुवातीला आवाज फुटत नव्हता. शाळेत चाळीस वर्षं वर्गभर ऐकू जाईल असं शिकवणारी बाई ती, पण मला शेजारी बसून ऐकायला कान द्यावे लागत होते. आपा हलल्या नाहीत. मोरीचा रंग, चाचांचे हात हे आलं तेव्हा त्या किंचित हसल्या. लग्नाचं आलं, गुलबर्ग्याचं घर आलं. एकदा त्या म्हणाल्या, “खिडकी उस तरफ नहीं थी.” बाईंनी पेन्सिल उचलली. आपा म्हणाल्या, “रहने दे, पढ.” असे तीन रविवार गेले. मला प्रत्येक वेळी वाटायचं, आज आपा उठणार आणि सांगणार की बस झालं. त्या उठत नव्हत्या आणि काही म्हणतही नव्हत्या. परत येताना स्कूटीवर बाई माझ्या खांद्याला धरून बसायच्या, आणि ती पकड मला घरी येईपर्यंत जाणवायची.

चौथ्या रविवारी अकरावं प्रकरण होतं. आपांना ते कसं कळलं कोण जाणे, पण बाईंनी पान उघडलं तशा त्या मला म्हणाल्या, “बेटा, आज तू घरकू जा.”

मला राग आला. इतक्या दूरवर आणून, इतकं ऐकवून, आता घरकू जा! पण गेले. घरी काय जाणार, कोपऱ्यावरच्या रसवंतीत जाऊन बसले. असरची, दुपार कलतानाची अजान झाली, त्याच्यानंतरही बराच वेळ गेला. मग बाई गल्लीच्या तोंडाशी दिसल्या. त्या भिंतीला हात लावत चालत होत्या. मी धावत गेले तर म्हणाल्या, “आज स्कूटी नको, रिक्षा कर.”

रिक्षात त्यांनी जेवढं सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. त्यांनी प्रकरण वाचलं. आपांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, “अच्छा लिखी. पर ऐसा नहीं था.”

आणि बाईंनी विचारलं, “फिर कैसा था, आपा?”

आपा त्यांच्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, “इत्ते बरसां में आज पूछी तू.” हे सांगून बाई माझ्याकडं वळल्या. “सृष्टी, ती वाट बघत होती ग. आम्हाला वाटत होतं आम्ही तिला जपतोय, आणि ती वाट बघत होती कुणीतरी विचारायची. अब्बा गेले, अम्मी गेली, आसिफभाई गेले. मी शेकडो माणसांच्या मनात काय चाललंय ते लिहिलं, आणि माझ्या बहिणीला एक साधा प्रश्न विचारला नाही.”

“मग? काय झालं होतं?” मी विचारलंच. मला राहवलं नाही.

बाई रस्त्याकडे बघत होत्या. “फार मोठी गोष्ट आहे,” म्हणाल्या. “माझ्या चारही कादंबऱ्यांपेक्षा मोठी.” आणि मग थोड्या वेळानं, “ती म्हणाली, छाप. तूने जैसा लिखी वैसाच छाप. लोगां को वोइच सच लगने दे. मेरा मेरे पास रहने दे.”

म्हणजे कादंबरीही बचावली होती आणि बहीणही. मला वाटलं, संपलं एकदाचं. किती मूर्ख होते मी. बाईंचा खरा छळ त्या दिवसापासून सुरू झाला.

कारण आता त्यांना खरं माहीत होतं, आणि समोर ते झबलं होतं. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांची कच्ची पानं परत पाठवली, तिला आता स्वतःचं सगळ्यात कच्चं प्रकरण तसंच छापायचं होतं. मी वर जायचे तर त्या अकरावं प्रकरण घेऊन बसलेल्या असायच्या. एक वाक्य खोडायच्या, दुसरं लिहायच्या, ते परत खोडायच्या. “कुठंही हात लावला की ते खऱ्याच्या जवळ जातं,” म्हणाल्या. “नुसतं बरं करायला गेले तरी तिकडंच सरकतं.” प्रकाशकांचे फोन येत होते. अखेर त्यांनी सगळ्या दुरुस्त्या पुसून टाकल्या आणि प्रकरण होतं तसं पाठवलं. खिडकीसुद्धा चुकीच्या बाजूलाच ठेवली. पाकीट मी कुरिअरला दिलं.

पुस्तक निघालं. पेठेत थोडं बोललं गेलं. एकदोन म्हाताऱ्या आपांकडे येऊन हुमनाबादच्या त्या बाईला शिव्या देऊन गेल्या. आपांनी त्यांना चहा पाजला. परीक्षणं आली तीही बरी होती. पण प्रत्येकात कुठंतरी अकराव्या प्रकरणाशी येऊन लेखणी अडखळायची. मग शहरातल्या एका वाचनालयानं रविवारी सकाळी पुस्तकावर चर्चा ठेवली. आपा म्हणाल्या, मीही येणार. बुरखा घालून त्या माझ्याशेजारी दुसऱ्या रांगेत बसल्या.

बोलायला एक तरुण प्राध्यापक होते. त्यांनी कादंबरी मनापासून वाचली होती हे दिसत होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त संताप आला. पहिल्या दहा प्रकरणांबद्दल ते फार सुंदर बोलले. मग म्हणाले, “पण अकराव्या प्रकरणात लेखिका हरते. झुलेखा का परतली, याचं जे कारण दिलंय ते उसनं आहे, बाहेरून आणून चिकटवलेलं आहे. इतका वेळ आपण या मुलीच्या इतक्या जवळ असतो, आणि नेमकं तिथं असं वाटतं की लेखिकेनं तिला कधी काही विचारलंच नाही.”

सभागृहात लोकांनी माना हलवल्या. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. उठून ओरडावं असं वाटत होतं, काय ओरडावं ते कळत नव्हतं. शेजारी आपा सरळ समोर बघत होत्या. त्यांना शब्दन् शब्द कळत होता.

बाई उत्तराला उभ्या राहिल्या. “सरांचं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “ते प्रकरण कच्चं आहे. माझ्याकडं दुसऱ्या कुणाचं आलं असतं तर मी परत पाठवलं असतं. मला ते याहून चांगलं लिहिता आलं नाही.” एवढं बोलून त्या खाली बसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्या मोठेपणाला. मला त्या टाळ्यांचा राग आला.

परतताना आम्ही तिघी एका रिक्षात होतो, आपा मध्ये. बाजार ओलांडला तेव्हा आपा म्हणाल्या, “वो लडका होशियार है.”

“हौ,” बाई म्हणाल्या.

“तेरेकू बुरा लगा?”

“नहीं, आपा.”

“मेरेकू लगा,” आपा म्हणाल्या. “सबके सामने तू बोली, लिखने नहीं आया करके. मेरी वजह से बोली.” त्यांनी बुरख्याची जाळी वर केली. डोळे ओले होते. “किताब दुसरे बार छपती क्या?”

“ये खतम हुई तो छपेगी.”

“फिर उसमें वो लिख डाल. मैं बोली सो. सच्चा वाला. मेरा क्या है अब, कित्ते दिन रहती मैं. तेरा नाम रहना.”

मी बाईंकडं पाहिलं. सगळं त्यांच्या हातात आलं होतं. ती मोठी गोष्ट, आपांची परवानगी, आणि त्या प्राध्यापकाला आणि सगळ्या परीक्षणांना उत्तर. त्यांना ते किती हवं होतं हे माझ्याशिवाय कुणाला माहीत असणार? त्यांच्या चेहऱ्यावर एक क्षण ते सगळं दिसलंसुद्धा.

“नक्को, आपा,” त्या म्हणाल्या. “वो तू मेरेकू बोली. किताबकू नहीं बोली.”

आपांनी त्यांचा हात धरला. मी बाहेर बघत राहिले. ती गोष्ट काय होती ते मला आजही माहीत नाही, आणि मी पुन्हा विचारलेलं नाही.